‘आम्ही’ आणि ‘आपण’ : मार्गदर्शिकेच्या मराठीविषयी

मनोरीला जाण्याचे दोन मार्ग आहेत. भाईंदरहून उत्तनमार्गे वळसा घालून जमिनीवरून जाता येते. नाहीतर मालाडच्या बाजूने मार्वेच्या धक्क्यावर यावे आणि होडीने खाडी ओलांडावी. गावात कोळ्यांची वस्ती आहे आणि ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या ख्रिस्ती समाजाचीही. हे नाव या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, धारण केले. नाव इंग्रजी असले तरी घरची बोली मराठीच आहे. मात्र ती पुस्तकातली मराठी नव्हे.

अशा गावातल्या एखाद्या मुलीला महानगरपालिकेकडे अर्ज करायचा आहे आणि तो संगणकावर टंकित करायचा आहे, एवढीच कल्पना वाचकांनी करावी. ती घरात एक मराठी बोलते, अर्ज दुसऱ्या मराठीत लिहिते आणि पडद्यावरच्या आज्ञा बहुधा इंग्रजीत वाचते. या तीन भाषांमधली खाडी ओलांडायला तिला होडी कोण देतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला मराठी गद्याचा एक प्रांत दिसला. आमच्या वाङ्मयेतिहासाने त्याची नोंद घेतलेली नाही. तो प्रांत म्हणजे मार्गदर्शिकेचे गद्य.

असे गद्य वाङ्मयाच्या कक्षेत येते का, असा आक्षेप कोणी घेईल. आम्ही उलट विचारू : अर्वाचीन मराठी गद्याचा पाया कशाने घातला? ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ साली निघाला तो पंडितांच्या सामूहिक श्रमांतून. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यामागेही शब्द गोळा करणारे, पारखणारे अनेक हात होते. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे. कोश, व्याकरणे, शाळेची पुस्तके ही सारी शिकवण्यासाठी लिहिलेली, बहुतांशी अनेकांनी मिळून घडवलेली पुस्तके होती. कादंबरीचे गद्य त्यांच्या खांद्यावर उभे राहिले. शिकवणारे गद्य एकोणिसाव्या शतकात वाङ्मयेतिहासाचा विषय ठरत असेल, तर एकविसाव्या शतकात ते का ठरू नये?

आधी थोडा बाहेरचा इतिहास. जर्मनीतील स्टारडिव्हिजन या कंपनीचे ‘स्टारऑफिस’ सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ साली विकत घेतले आणि २००० साली त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. त्यातून ‘ओपनऑफिस डॉट ऑर्ग’ जन्मले. त्याची पहिली आवृत्ती मे २००२ मध्ये आली. संहिता खुली झाली म्हणून ती सर्वांना वापरता येते असे नव्हे. पत्र कसे लिहावे, तक्ता कसा आखावा, पानाला क्रमांक कसा द्यावा, हे कोणीतरी सांगावे लागते. विकाऊ सॉफ्टवेअरमध्ये हे काम पगारी लेखक करतात. येथे ते स्वयंसेवकांवर आले. ‘ओओओऑथर्स’ नावाचा एक गट त्यासाठी उभा राहिला. ऑस्ट्रेलियातील तंत्रलेखिका जीन हॉलिस वेबर या त्यातील एक प्रमुख नाव. एकाने प्रकरणाचा मसुदा करायचा, दुसऱ्याने तो पडद्याशी ताडून पाहायचा, तिसऱ्याने भाषा सुधारायची, अशी त्यांची रीत होती. पुस्तके त्याच सॉफ्टवेअरमध्ये, एका समान साच्यावर लिहिली जात. म्हणजे मार्गदर्शिका हा स्वतःच तिच्या विषयाचा दाखला असे. सप्टेंबर २०१० मध्ये ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’ स्थापन होऊन ‘लिब्रेऑफिस’ वेगळे झाले, तेव्हा ही परंपरा तिकडेही चालू राहिली. त्या पुस्तकांच्या आरंभी चालू आवृत्तीच्या आणि आधीच्या आवृत्त्यांच्या सहभागींची नावे दिलेली असतात. लेखक एक नाही आणि पुस्तक कधी पुरे होत नाही, ही गोष्ट तेथे न लाजता मान्य केलेली आहे.

मराठीकडे वळताच प्रश्न अधिक मूळचा होतो. येथे आधी अक्षरेच सिद्ध करावी लागली. एका टंकात लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अर्थहीन चिन्हांचा ढीग दिसे, हा अनुभव त्या पिढीतल्या प्रत्येक लिहिणाऱ्याला आहे. युनिकोडने तो प्रश्न बराचसा सोडवला, तरी ‘ॲ’ या अक्षराला त्यात स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत जागा दिली. ज्या भाषेला ‘ॲप्लिकेशन’ हा शब्द लिहिण्याचे अक्षर ठरवायला इतका काळ लागला, तिच्यात त्या ॲप्लिकेशनची मार्गदर्शिका लिहिणे हे किती अवघड, याची कल्पना यावरून यावी. ही अक्षरसिद्धी करणाऱ्यांत मुंबईकर पुष्कळ होते. ‘इंडलिनक्स’ची चळवळ याच शहरातून निघाली आणि जुहूच्या सी-डॅक केंद्रात ‘जनभारती’ हा मुक्त सॉफ्टवेअर भारतीय भाषांत आणण्याचा प्रकल्प चालला.

यानंतरचा टप्पा पवईचा. मनोरी ज्या उपनगर जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात पवईची आय.आय.टी. आहे. तेथील प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प सुरू झाला. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानाने त्याला साहाय्य दिले. मुक्त सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सुमारे दहा-दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रपाठांतून शिकवायचे, ही त्यामागची कल्पना. लिब्रेऑफिसचे पाठ त्यात आरंभापासून महत्त्वाचे राहिले. आधी संहिता लिहिली जाते : एका स्तंभात पडद्यावर काय घडते ते, दुसऱ्यात निवेदन. मग ती विषय न जाणणाऱ्या नवख्याला दिली जाते. तो अडखळला तर दोष संहितेचा. त्यानंतर भाषांतर, त्यानंतर आवाज.

येथे एक वाङ्मयीन पेच उभा राहतो. भाषांतरित पाठात चित्र मूळचेच राहते, फक्त आवाज बदलतो. म्हणजे मराठी वाक्य इंग्रजी वाक्याला लागलेल्या वेळातच बसवावे लागते. ही एका परीने छंदाचीच अट आहे. त्यात इंग्रजी आज्ञेत क्रियापद आधी येते आणि जागा मागून. मराठीत जागा आधी सांगितली जाते आणि ‘क्लिक करा’ शेवटी येते. प्रथमदर्शनी ही अडचण वाटते. आमच्या मते ती मराठीची सोय आहे. शिकणाऱ्याची दृष्टी आधी जागेवर जाते, हात नंतर हलतो. मराठी वाक्यरचना नेमक्या त्याच क्रमाने चालते. कर्ता-कर्म-क्रियापद या शाळकरी सूत्राचा असा उपयोग आम्हांला कोणत्याही व्याकरणाने शिकवला नव्हता.

दुसरा पेच शब्दांचा. ‘फाइल’ला ‘धारिका’ म्हणावे, ‘संचिका’ म्हणावे, की कार्यालयातली ‘नस्ती’ आणावी? पडद्यावर अक्षरे इंग्रजी असतील तर निवेदकाला ‘फाइल’च म्हणावे लागते, नाहीतर ऐकणारा पडद्यावर नसलेला शब्द शोधत बसेल. पडदा मराठी झाला तर प्रश्न पुन्हा उघडतो. येथे शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना आम्ही इतकेच सुचवू, की शब्दाची परीक्षा कोशात होत नाही. ती नवख्याच्या बोटाशी होते. याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे : प्रत्येक ठिकाणी इंग्रजी शब्द ठेवत गेलो तर मराठीकडे केवळ विभक्तिप्रत्यय आणि ‘करा’ एवढेच उरतील. हा तोल प्रत्येक भाषांतरकार रोज, वाक्यागणिक सांभाळतो आणि त्याची चर्चा आमच्या परिसंवादांत होत नाही.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. इंग्रजी पाठ ‘वी’ म्हणतो. मराठीत त्याचे दोन अर्थ होतात : ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. पाठांनी ‘आपण’ निवडले. ‘आपण शिकूया’, ‘आपण पाहूया’. शासकीय सूचनांच्या ‘करावे’, ‘भरावे’, ‘जोडावे’ या विध्यर्थी भाषेपासून हे अंतर केवढे मोठे आहे! तेथे सांगणारा अदृश्य असतो आणि ऐकणारा आज्ञाधारक. येथे दोघे एकाच पडद्यापुढे बसलेले आहेत. पाठ संपताना बोलणारा आपले नाव सांगून निरोप घेतो. संतकवींच्या नाममुद्रेची आठवण व्हावी असाच तो क्षण.

मात्र या नावांचे पुढे काय होते? सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, पडद्यावरची चित्रे बदलतात आणि जुना पाठ कालबाह्य होतो. पाठ गेला की नावही गेले. छापील मार्गदर्शिकांत निदान आधीच्या आवृत्तीच्या सहभागींची यादी पुढे नेली जाते; आवाजाला ती सोय नाही. मोल्सवर्थच्या पंडितांविषयी आज आम्ही हळहळतो, त्यांच्या श्रमांवर दुसऱ्याचे नाव कोरले गेले म्हणून. ही हळहळ प्रामाणिक असेल तर आमच्या हयातीत चाललेल्या तशाच सामूहिक श्रमांची नोंद करणे आम्हांला भाग आहे. मराठी विभागांतील विद्यार्थ्यांनी भाषांतरमीमांसेसाठी एखादा पाठ घ्यावा, त्याच्या दोन आवृत्त्या ताडाव्या, कोणता शब्द केव्हा बदलला ते नोंदवावे आणि त्या नोंदीत भाषांतरकाराचे नाव अवश्य लिहावे.

मनोरीच्या त्या मुलीची घरची बोली अजून कोणत्याही पाठात आलेली नाही. निवेदनाची मराठी प्रमाण आहे आणि तीही तिला शाळेत शिकावीच लागली. ‘आपण’ या शब्दाने जे निमंत्रण दिले आहे ते अजून अपुरे आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही ते दिले गेले आहे. हा लेख लिहिताना आम्ही आरंभापासून ‘आम्ही’ म्हणत आलो. समीक्षेची ती रूढी आहे. पवईच्या त्या दहा मिनिटांच्या पाठांपुढे ही रूढी आम्हांला प्रथमच थोडी अवघडल्यासारखी वाटली.