उरलेली रेघ : वुडकटच्या अभ्यासाची प्रस्तावना

शाळेत चित्रकलेच्या तासाला भेंडी कापून, रंगात बुडवून कागदावर दाबली नाही असा मराठी वाचक विरळा. बटाट्याचा ठसा हा त्याच्या पुढचा धडा. अर्ध्या बटाट्यावर आपल्या नावाचे पहिले अक्षर कोरायचे आणि कागदावर ते उलटे उमटले की बाईंकडे धाव घ्यायची. वुडकटची निम्मी तत्त्वे तेव्हाच शिकून झालेली असतात. ठशाचा उंच राहिलेला भाग शाई धरतो, खणून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो आणि डावे ते उजवे होते. उरलेल्या निम्म्यासाठी हे पुस्तक आहे.

त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. चित्रकार रेघ काढतो. ठसा कोरणारा रेघ काढत नाही, राखतो. फळीवर काढलेली एक काळी रेघ उभी ठेवायची तर तिच्या प्रत्येक कडेला सुरीचे दोन तिरके छेद द्यावे लागतात, म्हणजे रेघेमागे चार. मग आजूबाजूचे लाकूड रुखाणीने उचलायचे. सावलीसाठी रेघांची जाळी असेल तर जाळीतला तिळाएवढा प्रत्येक शंकरपाळा चारही कडा न दुखावता रिकामा करायचा. लाकडाच्या नसेबरोबर सुरी सरसर जाते, आडवी गेली की अडखळते. हात घसरून रेघ तुटली, तर तिथे भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायची आणि तेवढा भाग पुन्हा कोरायचा. खोडरबर नावाची सोय इथे नाही.

हे सारे एका चित्रात पाहायचे तर मी जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचा गेंडा निवडीन. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याच्याकडून पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द आल्बुकर्कला भेट आलेला हा गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजावर चढला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. नावही बरोबर गेले. पोर्तुगीजांनी त्याला ‘गंडा’ म्हटले आहे. पुढे पोपकडे नजराणा म्हणून पाठवला असताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो मेला. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या ड्यूररने त्याला कधी पाहिलेच नाही. हाती आलेले रेखाटन आणि वर्णन एवढ्या भांडवलावर त्याने चित्र रचले. म्हणून खांद्यांच्या मध्ये एक जादा शिंग आले आणि कातडी चिलखतासारखी झाली. युरोपातली पुस्तके दोनशेहून अधिक वर्षे याच गेंड्याच्या नकला छापत राहिली.

चूक एवढी टिकली ती लाकडी ठशाच्या सोयीमुळे. शिशाचे खिळे आणि लाकडी ठसा दोन्ही उठावाने छापतात. ठसा खिळ्यांच्या उंचीचा केला की चित्र आणि मजकूर एकाच दाबात निघतात. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राला हे जमत नाही. त्याची शाई खाचांत असते आणि त्याला वेगळे यंत्र लागते. चीनमध्ये तर अक्षरेही लाकडातच कोरत. छपाईची निश्चित तारीख असलेले सर्वांत जुने उपलब्ध पुस्तक म्हणजे दुनहुआंगला सापडलेली ८६८ सालची गुंडाळी. ‘वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता’ या मूळ संस्कृत सूत्राचा तो चिनी अनुवाद. कोरून काढलेल्या या पुस्तकाच्या नावातच ‘छेद’ असावा, हा योगायोग मला फार आवडतो.

गेंड्याच्या छाप्यावर ड्यूररची मुद्रा आहे, साल आहे. कोरणाऱ्याचे नाव नाही. या क्षेत्राच्या इतिहासातला हा जुना अन्याय आहे. जपानच्या होकुसाईच्या १८३१च्या सुमाराच्या प्रसिद्ध लाटेमागेही चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक अशी चौकडी होती. जपानी पद्धतीत पातळ कागदावरचे रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवून त्याच्यासकट कोरतात. ठसा तयार होतो तेव्हा मूळ रेखाटन शिल्लक नसते. तिथे ‘मूळ चित्र कुठे आहे?’ हा प्रश्नच फिजूल ठरतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइकने खोडाच्या आडव्या कापावर, बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडात, बारीक कोरणीने काम करून या कलेला निराळे वळण दिले. ही पद्धत वुडकटची सख्खी बहीण, पण वुडकट नव्हे. आपल्याकडे दोन्हींना सर्रास ‘लाकडावरचे कोरीवकाम’ म्हणून मोकळे होतात. मग गोगँ आणि मुंक या चित्रकारांनी सुरी स्वतःच्या हाती घेतली. रेखाटणारा तोच कोरणारा झाला आणि लाकडाच्या नसाही चित्रात मिरवू लागल्या. आपल्याकडे चित्रकार चित्तप्रसाद अंधेरीत राहून लिनो आणि लाकूड दोन्हींत याच रीतीने काम करीत होते.

पुस्तक वाचण्याआधी टाकाऊ फळीवर एक वळणदार रेघ राखून पाहा. शाई लावा, कागद ठेवा, चमच्याच्या पाठीने घासा. मग पुन्हा गेंड्याकडे या. मागाहूनच्या छाप्यांत त्याच्या पायांवरून एक आडवी पांढरी रेघ गेलेली दिसेल. ती ड्यूररने काढलेली नाही. तिथे ठसा तडकला आहे.