चौथीच्या मुलाला काय यावे?

चौथी पास मुलाला नेमके काय यायला हवे? औसा भागात या प्रश्नाचे उत्तर राजवटीबरोबर बदलले. निजामाच्या काळात घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला वरचे शिक्षण हवे तर उर्दू गाठावी लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच ते होते. १९४८ नंतर ही सक्ती सरली. पण आपण शिक्षक मात्र ‘पुस्तक संपले का?’ हेच विचारत राहिलो.

आर. एच. दवे समितीच्या १९९१ च्या अहवालाने हा प्रश्न फिरवला. भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांतील किमान अध्ययन क्षमता त्यात पहिली ते पाचवीसाठी इयत्तावार, क्रमांक देऊन मांडल्या होत्या. एकट्या भाषेची नऊ क्षेत्रे. त्यांत श्रवण, वाचनाबरोबर स्वयंअध्ययनही आले. हातच्याची बेरीज झाली की नाही हे पाठावरून नव्हे, मुलाच्या पाटीवरून ठरवायचे. (पाटी सोडून तक्ते भरण्याची सवय आम्हाला याच वाटेने लागली, हेही कबूल करायला हवे.)

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच तालुक्यातील किल्लारी भूकंपात कोसळली. किती पाठ झाले, या हिशेबाला तिथे अर्थ उरला नाही. या मुलाला आज काय येते, एवढेच पाहता येत होते. घर गमावून गप्प झालेल्या मुलाचे काय करावे, हे मात्र तीन विषयांच्या त्या यादीत कुठेच बसत नव्हते.