वीज जाते तेथील संगणक आणि त्याची कीर्द

संगणक लवकर सुरू व्हावा यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास बहुधा वेगवान चिप आणि नव्या डिस्क यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु जव्हार तालुक्यातील दाभोशासारख्या गावाच्या, म्हणजे ज्या पावसाळ्यात लेंडी नदीचा धबधबा सुमारे ३०० फूट खाली कोसळतो त्याच पावसाळ्यात जेथे वीज वारंवार जाते अशा गावाच्या दृष्टीने पाहिल्यास, त्यातला खरा महत्त्वाचा टप्पा वेगळाच ठरतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकची स्मृती प्रारंभी अवघ्या १,०२४ शब्दांची होती, त्यामुळे आजच्या अर्थाची कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, तीत मावणेच शक्य नव्हते. पुढे कार्यप्रणाली फुगत गेली आणि ती डिस्कवरून स्मृतीत चढवण्यात मिनिटे जाऊ लागली. त्यात डिस्कवर लिहिता लिहिता वीज गेली, तर कोणती फाईल डिस्कवर कोठे आहे याची सूची अर्धवट राहत असे. विंडोज ९८ मग पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क चालवी, आणि ती तपासणी संपेपर्यंत वापरणाऱ्याने नुसते बसून राहायचे. २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गांतून संगणक शिकलेल्या महाराष्ट्रातील अनेकांना तो पडदा आठवत असेल.

यावरचा उपाय व्यापाऱ्याच्या दप्तरातला होता. खतावणीत हात घालण्यापूर्वी व्यवहार कीर्दीत उतरवावा, त्याप्रमाणे डिस्कवरील सूचीत बदल करण्यापूर्वी त्याची नोंद वेगळ्या जागी करायची. मग वीज गेली तरी सबंध डिस्क न चाळता शेवटच्या नोंदी पाहिल्या की भागते. विंडोज एनटीमध्ये ही सोय १९९३ पासून होती. घरगुती संगणकांवर ती २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर आली, आणि त्याच वर्षी लिनक्सला एक्स्ट३ ही कीर्द ठेवणारी फाईलव्यवस्था मिळाली.

वेगासाठीचे प्रयत्नही चालूच राहिले. २००८ साली इंटेलच्या आर्यन व्हॅन डी व्हेन आणि ऑके कॉक यांनी ईई पीसी या छोट्या लॅपटॉपवर लिनक्स ५ सेकंदांत सुरू करून दाखवले; त्यासाठी त्यांनी कार्यप्रणालीच्या गाभ्याला १, प्राथमिक सेवांना १, पडद्यावरील चित्रप्रणालीला १ आणि डेस्कटॉपला २ सेकंद अशी मर्यादाच बांधून घेतली होती. हे काम थोर होते. २०१२ च्या विंडोज ८ ने संगणक बंद करतानाच गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवण्याची युक्ती आणली. मात्र ती रीतसर बंद केलेल्या यंत्रालाच लाभते, आणि वीज अचानक गेली की उपयोगी पडते ती कीर्दच.