पिवळ्या नळ्यांचा आजा

यवतच्या बाजारात पाय बांधून ठेवलेल्या गावरान कोंबड्या निरखून पाहा. एखादीच्या नळ्या काळपट, तर शेजारणीच्या हळदीसारख्या पिवळ्या. या पिवळ्या रंगाचं कूळ शोधत मी पोचलो ते थेट १७८२ सालच्या पॅरिसमध्ये, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या एका खोदचित्रापाशी.

चित्र आहे प्येर सोनरा या फ्रेंच प्रवाशाच्या ग्रंथातलं आणि पक्षी आहे राखी रानकोंबडा. आपल्या भीमाशंकरच्या झाडीत पहाटे आरवतो तोच. याच्या मानेवरचं एक पीस हातात घेतलं की सोनरा का हरखला ते कळतं. पिसाचा दांडा टोकाशी चपटा होत जातो आणि त्याची मेणासारखी चकचकीत, शिंगट टिकली बनते. विलायतेतल्या गळ टाकणाऱ्यांनी पुढे हीच पिसं बांधून सामन मासे धरले. सोनराने मात्र मोठाच दावा केला: जगभरच्या पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष हाच.

डार्विनने १८६८ साली तो खोडून काढला. राखीचं आरवणं वेगळं, घरच्या कोंबडीशी त्याचा संकर फारसा फळत नाही. तेव्हा मान तांबड्या रानकोंबड्याला. सगळ्यांनी ते मानलं. मला वाटतं, या वादात खोदचित्राच्या मर्यादेचाही हात होता. कोरणीच्या रेघेत पिसाची घडण नेमकी उतरते, कातडीचा पिवळा रंग उतरत नाही. आणि पुरावा नेमका तिथेच होता.

तो हाती आला २००८ साली. खाद्यातलं पिवळं द्रव्य मोडणारं एक जनुक असतं. ते कातडीत मंदावलं की नळ्या पिवळ्या होतात. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांना या जनुकाचं पिवळं रूप तांबड्याशी नव्हे, तर राखी रानकोंबड्याशी जुळताना दिसलं.

२०२० साली पाळीव आणि रान मिळून ८६३ कोंबड्यांचे जनुकसंच तपासले गेले, आणि मुख्य घराणं निघालं नैर्ऋत्य चीन, म्यानमार, थायलंडकडचं, तांबड्याचंच. ते मला मान्य आहे. पण राखी कोंबडा भारताबाहेर रानात सापडत नाही. म्हणजे पिवळ्या नळ्यांची सोयरीक इथेच जुळली असणार, आणि माझा कौल सह्याद्रीच्या पायथ्याला आहे. तिथे वाडीतली कोंबडी रानाच्या कडेला दाणे टिपत जाते आणि रानकोंबडाही त्याच खाचरात उतरतो.