कार्यालयाचे स्थान आणि लोकसंख्येचे आकडे : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

मुंबई महानगर प्रदेशात नवे कार्यालय उघडू पाहणारी आस्थापना जागा निश्चित करण्यापूर्वी काही ठरावीक माहिती मागविते. शहराची लोकसंख्या किती, त्यात सुशिक्षित व काम करणाऱ्या वयाचे लोक किती, रेल्वे स्थानक किती अंतरावर, जागेचा दर काय, असे तिचे स्वरूप असते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महानगरपालिकांच्या बाबतीत ही माहिती प्रथमदर्शनी फार आकर्षक दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख होती. त्या वेळचा अविभाजित ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांहून अधिक लोकसंख्येसह देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. असे असूनही कार्यालये ठाण्यात आली आणि कल्याण-डोंबिवलीत ती जवळजवळ आली नाहीत. मनुष्यबळ दोन्हीकडे होते. मग फरक कशामुळे पडला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

लोहमार्ग आणि लोकवस्ती

ठाणे व कल्याण ही दोन्ही मूळची खाडीकाठची बंदरे होत. कल्याणचा उल्लेख 'पेरिप्लस'मध्ये येतो. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नोंद आहे. शिवकाळात कल्याणच्या खाडीत आरमाराची जहाजे बांधली गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली रेल्वेगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. बोर घाट १८६३ मध्ये व थळ घाट १८६५ मध्ये खुला झाल्यावर पुण्याकडे आणि नाशिककडे जाणारे मार्ग जेथून फुटतात ते जंक्शन म्हणून कल्याणला नवे महत्त्व आले.

रेल्वे आली आणि गावे वाढली, असे सर्रास लिहिले जाते. हे विधान तपासून घेणे आवश्यक आहे. १९०१ मध्ये, म्हणजे रेल्वे येऊन जवळजवळ अर्धे शतक लोटल्यानंतर, ठाण्याची लोकसंख्या सुमारे १६ हजार व कल्याणची सुमारे ११ हजार एवढीच होती. रेल्वेने या गावांचा बंदरी व्यापार मुंबईकडे ओढून नेला, त्याची भरपाई मात्र लगेच केली नाही. गिरणीकामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, गिरणगावातील चाळींत राहत होता. पेढ्यांतील व सरकारी कचेऱ्यांतील कारकून गिरगाव-दादरला राहत होता. रोज पन्नास किलोमीटर जाऊन-येऊन नोकरी करण्याची गरज दोघांनाही नव्हती. ती सोयही पुरेशी नव्हती.

सोय झाली ती विद्युतीकरणामुळे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कल्याण मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि ठाकुर्लीजवळ रेल्वेचे चोळा विद्युतगृह उभे राहिले. गरज निर्माण झाली ती स्वातंत्र्यानंतर. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी गोठली. भाडेकरूला त्याचा आधार मिळाला, परंतु भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधण्यात घरमालकांना रस उरला नाही. पुढच्या पिढीला घर हवे असेल तर ते विकत घ्यावे लागणार होते आणि पगारात बसेल असे मालकीचे घर मुंबईच्या वेशीबाहेरच मिळत होते. त्यातच फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत कल्याणच्या लष्करी छावणीत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले.

डोंबिवलीची वाढ

गिरगाव-दादरच्या चाळीतील दोन खोल्या भावाभावांत पुरेनाशा झाल्यावर धाकट्याने डोंबिवलीला 'ब्लॉक' घेतला, ही १९६० नंतरच्या असंख्य मराठी कुटुंबांची हकीकत आहे. बँका, विमा, रेल्वे, मंत्रालय, टपाल अशा ठिकाणी नोकरी करणारा हा वर्ग होता. त्याची नोकरी फोर्ट परिसरातच राहिली, घर मात्र ४८ किलोमीटर दूर गेले. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे, कारण कार्यालयाच्या स्थानाचा खर्च येथे आस्थापनेकडून कर्मचाऱ्याकडे सरकला. आस्थापनेला दक्षिण मुंबईचा पत्ता, बाजाराची जवळीक आणि प्रतिष्ठा मिळत राहिली. रोजचे तीन तास कर्मचारी देत राहिला. कोणत्याही ताळेबंदात हे तास दिसत नाहीत.

या जीवनक्रमातून डोंबिवलीत स्वतःची अशी एक सेवा-अर्थव्यवस्था उभी राहिली. स्थानकाजवळील पोळी-भाजी केंद्रे, निवडून-चिरून ठेवलेली भाजी विकणारे, पाळणाघरे व शिकवण्या ही सर्व सातनंतरच्या लोकलने परतणाऱ्या नोकरदार स्त्रीपुरुषांच्या आधाराने वाढली. सहकारी बँकांचे उदाहरण त्याहून बोलके आहे. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० मध्ये, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ मध्ये आणि कल्याण जनता सहकारी बँक १९७३ मध्ये स्थापन झाली. पगार मुंबईत मिळत असला तरी बचत घराजवळ होते, हे या संस्थांच्या प्रवर्तकांनी ओळखले होते. रहिवासी लोकसंख्येचा आकडा पाहून या परिसरात स्थान निवडणे ज्यांच्या बाबतीत सर्वस्वी योग्य ठरले, अशा आस्थापनांत या बँकांची गणना करावी लागेल. ग्राहक शोधणाऱ्यास जनगणना उपयोगी पडते. कर्मचारी शोधणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो.

आकड्यांची मर्यादा

जनगणना माणसाला तो जेथे राहतो तेथे मोजते. २००१ व २०११ च्या जनगणनांत कामाचे ठिकाण घरापासून किती किलोमीटरवर आहे आणि तेथे जाण्याचे साधन कोणते, हे विचारण्यात आले होते. परंतु तो प्रवास कोणत्या गावी होतो, हे विचारलेले नव्हते. उलट १९७७ पासून होत आलेली आर्थिक गणना आस्थापनांना त्यांच्या जागी मोजते, पण तेथील कामगार रात्री कोठे परततो हे सांगत नाही. दोन्हींच्या मधला माणूस, म्हणजे सकाळी सातला कल्याणच्या फलाटावर उभा असलेला माणूस, एकाही गणनेत पूर्ण सापडत नाही.

दुसरी अडचण हद्दींची आहे. १९९१ मध्ये कल्याण महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १०.१५ लाख व ठाण्याची सुमारे ८ लाख होती, म्हणजे कल्याण ठाण्यापेक्षा मोठे होते. २००१ मध्ये ठाणे १२.६ लाखांवर, तर कल्याण-डोंबिवली ११.९ लाखांवर होते. त्यानंतरच्या दशकात ठाण्याची वाढ सुमारे ४६ टक्के आणि कल्याण-डोंबिवलीची अवघी साडेचार टक्के दिसते. केवळ हे कोष्टक हाती असलेला सल्लागार कल्याण-डोंबिवलीची वाढ खुंटली असा निष्कर्ष काढील आणि तो साफ चुकेल. १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या महानगरपालिकेतून अंबरनाथ व बदलापूर १९९२ मध्ये वेगळे झाले. २००२ मध्ये २७ गावे वगळण्यात आली. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या याच पट्ट्यात त्यानंतर मोठ्या गृहसंकुलांची बांधकामे उभी राहिली, पण २०११ च्या गणनेत ती महानगरपालिकेच्या खात्यावर आली नाहीत. २०१५ मध्ये ती गावे पुन्हा समाविष्ट झाली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि वाद न्यायालयात गेला. माणसे तेथेच होती, हद्द मात्र मागेपुढे होत राहिली.

आस्थापनेच्या दृष्टीने हा वाद केवळ कागदी नव्हता. मालमत्ता कर कोणाला भरायचा, बांधकामाची परवानगी कोणाची, पाणी कोण देणार, या प्रश्नांची उत्तरे दर काही वर्षांनी बदलत असतील तर तीस वर्षांच्या भाडेकराराचा विचार करणारी कंपनी तेथे थांबत नाही. अनधिकृत बांधकामे मात्र अशा संदिग्धतेतच वाढतात.

ठाण्याचे वेगळेपण

ठाण्याला जिल्ह्याचे मुख्यालय असल्याने कचेऱ्या, न्यायालये, वकील व मुद्रांक विक्रेते यांची वस्ती पूर्वीपासून होती. परंतु आजच्या कार्यालयीन ठाण्याचा पाया कारखान्यांनी घातला. रेमंडची लोकरी कापडाची गिरणी १९२५ पासूनची. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि तिचा प्रारंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटमधूनच झाला. पोखरण रस्ता, घोडबंदर रस्ता व ठाणे-बेलापूर पट्टा येथे अभियांत्रिकी, औषधे व रसायने यांचे कारखाने उभे राहिले.

हे कारखाने पुढे एकेक करून बंद पडले वा अन्यत्र गेले. रेमंडची ठाण्यातील गिरणी २००९ मध्ये बंद झाली. कामगारांच्या दृष्टीने तो आघात होता, यात शंका नाही. त्यांपैकी अनेकांना नव्या कार्यालयांत काम मिळण्याची शक्यता नव्हती, कारण यंत्रमागावरील कौशल्याला संगणकाच्या पडद्यासमोर मोल नव्हते. तथापि जमिनीचा विचार केला तर एक गोष्ट स्पष्ट होते. या जमिनी सलग, एकाच मालकाच्या, रुंद रस्त्यालगतच्या आणि वीज-पाण्याची जोडणी असलेल्या होत्या. राज्याच्या २००३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने खासगी माहिती तंत्रज्ञान संकुलांना अतिरिक्त चटईक्षेत्र देऊ केले, तर २००७ मध्ये राज्यात नागरी कमाल जमीन धारणा कायदा रद्द झाला. वागळे इस्टेटमधील कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती येऊ लागल्या. पोखरण रस्त्यावरील व्होल्टासच्या आवारात टाटा कन्सल्टन्सीचे 'यंत्र पार्क' सुरू झाले. २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वेमार्ग खुला झाल्याने नवी मुंबईतील मनुष्यबळही ठाण्याच्या आवाक्यात आले. येथे येणाऱ्या कंपनीने लोकसंख्या पाहिली असेलही, पण तिला खेचून आणले ते जमिनीच्या स्वरूपाने आणि नियमांनी.

कल्याणकडे अशा जमिनी नव्हत्याच, असे म्हणता येणार नाही. मोहन्याची नॅशनल रेयॉन कंपनी २००९ मध्येच बंद पडली आणि तिची शेकडो एकर जमीन स्थानकापासून फार दूर नव्हती. परंतु कामगारांची थकलेली देणी व कंपनीवरील कर्जे यांच्या वादात ती वर्षानुवर्षे अडकून पडली. प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या डोंबिवलीजवळील कारखान्याची जागा गृहप्रकल्पाकडे गेली. राहिली डोंबिवलीची औद्योगिक वसाहत. तेथे रसायनांच्या कारखान्यांना घरे भिडली आहेत. मे २०१६ मध्ये व पुन्हा मे २०२४ मध्ये तेथील कारखान्यांत झालेल्या भीषण स्फोटांत अनेकांचे प्राण गेले आणि परिसरातील घरांच्या काचा फुटल्या. धोकादायक कारखाने हलविण्याची चर्चा पहिल्या स्फोटापासून होत होती. कार्यालयासाठी जागा शोधणाऱ्याच्या मनावर या दोन तारखांचा परिणाम कोणत्याही माहितीपत्रकाने पुसला जाण्यासारखा नव्हता.

प्रवासाची किंमत

२७ गावांपैकी १० गावांत 'कल्याण विकास केंद्र' उभारण्याची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतली, तीमागे रोजगार घराजवळ आणण्याचाच हेतू होता. १९७७ पासून विकसित झालेल्या वांद्रे-कुर्ला संकुलाचा नमुना त्यामागे होता, हे उघड आहे. दोहोंतील मूलभूत फरक मात्र दुर्लक्षून चालणार नाही. वांद्रे-कुर्ला संकुलाची बरीचशी जमीन खाडीकाठची दलदल भरून मिळालेली होती. कल्याणच्या गावांत जमीन शेतकऱ्यांची आहे, सातबारावर पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत आणि कल्याण-शीळ पट्ट्यातील जमिनीचे भाव गृहसंकुलांमुळे आधीच चढलेले होते. स्थानिक भूमिपुत्रांची साशंकता यातून आली आहे. तिला केवळ विकासविरोध समजणे अन्यायाचे होईल.

दरम्यान वाहतुकीच्या नव्या सोयी येत गेल्या. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. ठाणे-दिवा दरम्यानचे पाचवे व सहावे लोहमार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये खुले झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या प्रवेशद्वारांवरील हलक्या वाहनांचा पथकर रद्द झाला आणि मुलुंडच्या नाक्यापलीकडे कार्यालय ठेवण्यातील एक जुनी अडचण दूर झाली. या सर्व सोयींची दिशा पाहिली असता त्यांचा भर माणसाला दूरच्या कार्यालयापर्यंत लवकर पोहोचविण्यावर अधिक आणि कार्यालय माणसापर्यंत आणण्यावर कमी असल्याचे दिसते.

९ जून २०२५ रोजी सकाळी कामावर जाण्याच्या वेळी मुंब्रा स्थानकाजवळ खच्चून भरलेल्या लोकलगाड्यांच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. या दुर्घटनेनंतर लोकलला आपोआप बंद होणारे दरवाजे बसविण्याची घोषणा झाली. त्यापूर्वीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, मध्य रेल्वेने आपल्या मुंबई विभागीय मुख्यालयातील कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या दोन निरनिराळ्या वेळा सुरू केल्या होत्या आणि इतर आस्थापनांनीही आपल्या वेळा बदलाव्यात, असे आवाहन केले होते. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख अधिसूचित झाली आहे. कामाचे ठिकाण नेमके कोणत्या शहरात आहे, हा एक प्रश्न तिच्या अनुसूचीत असावा, एवढी अपेक्षा या परिसराच्या अभ्यासकांनी बाळगणे वावगे ठरू नये. तो प्रश्न विचारला गेला तर डोंबिवलीच्या फलाटावरील गर्दीपैकी किती जण ठाण्यात उतरतात आणि किती जण पुढे मुंबईत जातात, हे प्रथमच मोजता येईल.