बंदराच्या नावाची आगगाडी

परप्रांती नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळी गणेशोत्सवाला किंवा कोजागरीला एकत्र जमली, म्हणजे मुंबईचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. मग कोणीतरी विचारतो, "आपण सेंट्रलचे की वेस्टर्नचे?" या प्रश्नाला "हार्बरचा" असे उत्तर देणारा गृहस्थ थोडा दबक्या आवाजात बोलतो, असा माझा अनुभव आहे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाला १८५३ सालच्या पहिल्या गाडीचा मान आहे आणि पश्चिम रेल्वेला आपल्या टापटिपीचा अभिमान आहे. हार्बरला मात्र धाकट्या भावंडासारखी वागणूक मिळत आली. तथापि मालासाठी बांधलेला रस्ता माणसांचा कसा होतो, हे जाणून घ्यायचे असेल तर या धाकट्या भावंडाचाच इतिहास वाचावा लागतो.

हा मार्ग जन्माला आला तो बंदराच्या पोटी. १८७३ साली मुंबईच्या बंदराचा कारभार पाहण्यासाठी पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० साली प्रिन्सेस गोदी उघडली आणि त्यापुढील काळात पूर्व किनाऱ्यावर भर घालून जमीन तयार करण्याचे काम नेटाने चालले. कोळसा, गवत, लाकूड, धान्य, कापूस यांच्या राशी त्या नव्या जमिनीवर पडू लागल्या. हा माल देशाच्या अंतर्भागाशी जोडायचा तर रूळ हवेत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीने १९१० सालच्या डिसेंबरात कुर्ला ते रे रोड हा मार्ग सुरू केला, तो या परिसरात. पुढे १९१५ साली पोर्ट ट्रस्टची स्वतःची मालवाहू रेल्वेही चालू झाली. स्थानकांची नावे आजही ती कथा सांगतात. रे रोड आणि सँडहर्स्ट रोड ही नावे दोन गव्हर्नरांची. डॉकयार्ड रोड हे गोदीचे. कॉटन ग्रीन हे कापसाच्या बाजाराचे. हा बाजार कोटातील हिरवळीवरून कुलाब्यास आणि तेथून शिवडीकडे गेला, पण जाताना आपली 'हिरवळ' नावात बरोबर घेऊन गेला.

चेंबूरकडील शाखेचे मूळ तर याहून साधे. कुर्ल्याहून चेंबूरकडे १९०६ साली रूळ टाकण्यात आले, ते शहराचा कचरा दलदलीत नेऊन टाकण्यासाठी. त्या मार्गावर उतारूंच्या गाड्या धावू लागल्या त्या १९२४ साली. ज्या वाटेने शहराने आपला केर बाहेर घालवला, त्याच वाटेने पुढे त्याच शहराचे कारकून, शिक्षक आणि कामगार ताठ मानेने ये-जा करू लागले.

या दुर्लक्षित मार्गाच्या नशिबी एक मोठा मान मात्र होता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेची आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास धावली, ती हार्बरमार्गेच. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. तिला डबे चारच होते. टर्मिनसपर्यंत पोहोचण्यासाठी डॉकयार्ड रोड आणि सँडहर्स्ट रोड यांच्या दरम्यान गजबजलेल्या वस्तीवरून उंच पूल बांधून रूळ न्यावे लागले.

विजेने काय साधले, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. वाफेच्या इंजिनास वेग घेण्यास वेळ लागतो आणि उपनगरी मार्गावर तर मैलाच्या आत पुढचे स्थानक येते. शिवाय शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला आणून जोडावे लागते. विजेच्या गाडीत मोटारी डब्यांखालीच बसवलेल्या असतात. चालकाची खोली दोन्ही टोकांस असते. गाडी आली त्याच फलाटावरून, चालक या टोकाकडून त्या टोकाला गेला की, लगेच परत फिरते. मोजक्या फलाटांवरून गाड्यांची अखंड रांग सोडता येते ती यामुळेच. मुंबईचा चाकरमानी मिनिटामिनिटाचे वेळापत्रक पाठ म्हणतो, त्याची मुळे या तांत्रिक बदलात आहेत.

यानंतरचा इतिहास अधिक विचार करायला लावणारा आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही मुंबईचा भार पलीकडे नेण्याचा विचार पुढे केला. १९७० साली सिडको स्थापन झाली. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर मोटारींचा पूल झाला. नकाशे तयार होते, घरे उभी राहत होती, परंतु आगगाडी नव्हती. मानखुर्दच्या पुढे रूळ संपत होते आणि वाशीचा रहिवासी बसच्या रांगेत उभा होता. मानखुर्द ते वाशी गाडी धावली ती ९ मे १९९२ रोजी, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर २२ वर्षांनी. खर्चाचे ६७ टक्के सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलायचे, असे ठरले तेव्हा हे घडले. तोपर्यंत नवे शहर हे कागदावर शहर होते. माणसाला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येऊ लागले, तेव्हा ते खरे वसू लागले. १९९८ साली गाडी पनवेलपर्यंत गेली.

या विस्ताराची दुसरी बाजू विसरता येत नाही. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १९८४ सालच्या जानेवारीत उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मूळ मालकांना देण्याची योजना आली ती त्यानंतर. पनवेलच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली म्हणून आपण समाधानाने बाहेर पाहतो, तेव्हा दिसणाऱ्या इमारतींखाली कोणाची तरी भातशेती आणि मिठागरे होती, याची आठवण ठेवणे हे किमान सौजन्य आहे.

दरम्यान ज्या बंदरासाठी हा मार्ग झाला, ते बंदरच मुंबईतून उठू लागले. माल पेट्यांतून जाऊ लागला, त्या हाताळण्यासाठी न्हावाशेवा येथे १९८९ साली नवे बंदर सुरू झाले आणि जुन्या गोदींची वर्दळ ओसरली. मालाने मार्ग सोडला, माणसांनी सोडला नाही. जुन्या मार्गाच्या मर्यादा मात्र त्यांनी दीर्घकाळ सोसल्या. काही स्थानकांचे फलाट आखूड, म्हणून इतर मार्गांवर बारा डब्यांच्या गाड्या धावत असताना हार्बरवर नऊच डबे राहिले. ही उणीव २०१६ साली दूर झाली.

त्याच वर्षी आणखी एक पर्व संपले. १९२५ पासून येथे १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वापरात होता. त्यात दाब कमी, म्हणून प्रवाह जास्त, तारा जाड आणि उपकेंद्रे जवळजवळ लागत. २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने ही अडचण दूर होते. पश्चिम रेल्वेवरील हा बदल २०१२ साली पुरा झाला, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील २०१५ साली आणि सर्वांत शेवटी एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरील. ज्या मार्गाने जुन्या विजेचे स्वागत केले, त्यानेच तिला निरोप दिला.

मागच्या रजेत मी रे रोडहून पनवेलची गाडी धरली. शिवडी, वडाळा, चुनाभट्टी मागे पडली. मानखुर्दनंतर गाडी खाडीवरील पुलावर आली आणि डब्यातील सारी मंडळी क्षणभर बाहेर पाहू लागली. बंदराच्या नावाने चालणाऱ्या या गाडीतून मोकळे पाणी दिसते ते येथे, बंदरापासून इतक्या दूर! २०२४ सालच्या जानेवारीत खाडीपलीकडील उपनगरी गाडी उरणपर्यंत गेली आणि त्या वाटेवर न्हावाशेवा हे स्थानक आले. शंभराहून अधिक वर्षांनी गाडी पुन्हा बंदराच्या दारी पोहोचली, पण आता माल नेण्यासाठी नव्हे.

आपल्यापैकी पुष्कळांनी कार्यालयीन जीवनात कोठे ना कोठे नकाशावर रेषा ओढल्या असतील, योजनांवर सह्या केल्या असतील. ती रेषा कोणत्या हेतूने ओढली हे फायलीत राहते. तिचा उपयोग काय करायचा हे मात्र अखेर सकाळी फलाटावर उभी राहणारी माणसेच ठरवतात. त्यांना बावीस वर्षे थांबायला लावू नये, एवढे जरी आपल्या हातून झाले तरी पुरे. आणि पुढच्या कोजागरीला कोणी विचारले, तर "हार्बरचा" हे उत्तर दबक्या आवाजात देण्याचे कारण नाही.