कीटण काढण्याची कुळकथा

दात साफ करताना रोग्याला समोर बसवून त्याचं डोकं आपल्या मांडीवर घ्यावं, असं कॉर्डोबाच्या अबुल कासिम अल-झहरावी या शल्यवैद्यानं इ.स. १०००च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. दंतवैद्याची खुर्ची यायला अजून जवळजवळ आठशे वर्षं होती, तोवर वैद्याची मांडीच खुर्ची. दातांना आतून-बाहेरून आणि हिरडीच्या कडेला कीटणाच्या खरखरीत, ओंगळ खपल्या धरतात, दात काळे, पिवळे, कधी हिरवट दिसू लागतात आणि ही घाण हिरडीला नासवते, हे त्यानं नेमकं टिपलं. उपाय एकच. त्या खपल्या आणि वाळूसारखा चुरा पुरता निघेपर्यंत खरवडायचं. एका बैठकीत भागलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं.

'किताब अल-तसरीफ' हा त्याचा ग्रंथ तीस भागांचा. शस्त्रक्रियेवरच्या शेवटच्या भागात या खरवडण्यांची चित्रं आहेत, एकूण चौदा. कारण दाताची आतली बाजू ज्या हत्यारानं साफ होते त्यानं बाहेरची होत नाही, आणि दोन दातांमधल्या फटीत दोन्ही शिरत नाहीत. विसाव्या शतकात अमेरिकेत मिशिगनच्या क्लेटन ग्रेसी यांनी दाताच्या एकेका बाजूसाठी वेगळा बाक दिलेली हत्यारं घडवून घेतली. त्यांच्या मूळ संचातही चौदाच होती. आज आपल्या गावच्या दवाखान्यातल्या ट्रेमध्ये ग्रेसीच्या खरवडण्या, म्हणजे क्युरेट, असतात.

आपल्याकडे सुश्रुतानं दातांच्या रोगांत 'दंतशर्करा', म्हणजे हेच कीटण, मोजली आहे आणि वीस शस्त्रांच्या यादीत ती काढायचा 'दंतशंकू' दिला आहे. दातांच्या मुळांना धक्का न लावता शर्करा काढावी आणि मग मधात कालवलेलं लाखेचं चूर्ण लावावं, असा त्याचा विधी. त्यातली 'धक्का न लावता' ही अट मला फार मोलाची वाटते. पुढे युरोपातल्या न्हावी-शल्यकारांनी नेमकी तीच सोडली. दात पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून ते कानशीनं घासायचे आणि वर नायट्रिक आम्ल फिरवायचे. दात चमकत, आणि थोड्या वर्षांत इनॅमल गेल्यामुळे किडत. पॅरिसच्या पिएर फोशार यांनी १७२८ साली 'ल शिर्युर्जियाँ दाँतिस्त' हा दोन खंडांचा ग्रंथ छापला तेव्हा कुठे हा धंदा पुन्हा शास्त्राच्या वाटेला लागला. त्याआधी, १६८३ साली, डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक यानं स्वतःच्या दातांमधला पांढरा लगदा भिंगाखाली धरला. तो रोज मिठानं दात घासणारा माणूस, तरीही त्या लगद्यात जीव वळवळत होते. त्यानं तसं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. त्या वळवळीचा हिरडीच्या रोगाशी संबंध जोडायला मात्र दोन शतकं लागली.

म्हणजे हत्यार होतं, हातही होता. नव्हती ती वेळेआधी येण्याची सवय. अल-झहरावीकडे काय, फोशारकडे काय, माणूस यायचा तो दात काळे पडल्यावर किंवा हिरडी सुजल्यावर. दुखत नसताना, नेमानं, नुसतं साफ करून घ्यायला यायचं, हा या घराण्यातला सगळ्यात धाकटा वंशज आहे, आणि तो वाढला तो अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात.

त्याच राज्यातल्या हार्टफर्डचे जॉन रिग्ज हे एका वेगळ्याच कारणानं इतिहासात आहेत. ११ डिसेंबर १८४४ रोजी दंतवैद्य होरेस वेल्स यांनी भूल म्हणून नायट्रस ऑक्साइड हुंगून आपली दाढ काढवून घेतली, ती काढणारे हात रिग्ज यांचे. पण त्यांचं खरं काम पुढचं. हिरडीतून पू येऊन दात हलतात, त्या रोगात तेव्हा हिरडी कापायची रीत होती. रिग्ज म्हणाले, कापू नका, हिरडीखालचं कीटण काढा आणि दात गुळगुळीत करा. पुढे त्या रोगालाच 'रिग्जचा रोग' म्हणू लागले. आपण त्याला पायरिया म्हणतो. मग फिलाडेल्फियाचे डी. डी. स्मिथ रोग्यांना दर महिन्याला बोलावू लागले, लाकडी काडीला प्युमिसची भुकटी लावून एकेक दात घासू लागले.

स्मिथ यांचं हे काम ब्रिजपोर्टच्या आल्फ्रेड फोन्स यांच्या मनात भरलं. पण एका डॉक्टरनं दर महिन्याला एकेका तोंडातले बत्तीस दात घासायचे, तर बाकीची कामं कधी करायची? फोन्स यांनी १९०६ साली आपल्या दवाखान्यातली मदतनीस आयरीन न्यूमन हिला हे काम शिकवायला घेतलं. ती त्यांची नात्यातली बहीण. पुढे १९१३ साली त्यांनी याची शाळाच काढली, आणि तीही घराशेजारच्या बग्गीखान्यात. पहिल्या तुकडीत शिक्षिका, परिचारिका, दंतवैद्यांच्या बायका अशा सत्तावीस जणी १९१४ साली शिकून बाहेर पडल्या. त्यांतल्या काहींना ब्रिजपोर्टच्या शाळांत नेमलं, कारण फोन्स यांचा डोळा मुलांच्या तोंडावर होता. 'डेंटल नर्स' हे नाव त्यांनी मुद्दाम टाळलं. नर्स आजाऱ्याची असते आणि ही बाई तर निरोग्याकडे जाणार, म्हणून ती 'हायजिनिस्ट'. १९१७ साली आयरीन न्यूमनला या कामाचा जगातला पहिला परवाना मिळाला.

आज खुर्चीत बसल्यावर कानाशी जे किणकिणतं ते स्केलर यंत्र मात्र या कुळात दत्तक आलं आहे. १९५०च्या सुमारास अल्ट्रासाउंडच्या कंपनानं किडलेला दात कोरता येईल का, हे संशोधक पाहत होते. कोरणं जमलं, पण फार हळू. १९५७ साली हवेच्या झोतावर फिरून दात कोरणारा एअरोटर आला आणि त्या कल्पनेचा निकाल लागला. तोवर १९५५ साली झिनर या संशोधकांनी दाखवलं होतं की त्याच कंपनानं कीटण छान सुटतं. टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं, तापू नये म्हणून त्यावर पाण्याचा बारीक फवारा सोडतात, आणि तेच पाणी सुटलेला चुरा वाहून नेतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला हे टोक सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतं. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, आणि दातावरचा मऊ थर तिथं काही दिवसांतच दगड होऊ लागतो. एकदा दगड झाला की ब्रश, राखुंडी, कडुनिंबाची काडी, कशालाही दाद देत नाही.

दातावरच्या या मऊ थराचा हिरडीच्या रोगाशी काय संबंध, हे निर्विवाद ठरायला १९६५ साल उजाडलं. डेन्मार्कमधल्या ऑरहूसला हॅरल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर आठवड्याभरात बऱ्या झाल्या. नंतर लो श्रीलंकेच्या चहामळ्यांत गेले. तिथल्या ४८० मजुरांच्या दातांना ना ब्रश माहीत होता, ना दवाखाना. पंधरा वर्षांच्या पाहणीत साधारण ८ टक्क्यांचा रोग झपाट्यानं वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीनं, आणि ११ टक्क्यांच्या तोंडात कीटण असूनही तो हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. "आमच्या आजोबांनी कधी दात साफ करून घेतले नाहीत, तरी ऐंशीव्या वर्षी ऊस खायचे," असं सांगणाऱ्यांचे आजोबा त्या अकरा टक्क्यांत असावेत.

"क्लीनिंग केलं आणि दात हलायला लागले," ही तक्रारही आपल्याकडे घरोघर ऐकू येते. दात हलतात हे खरं, पण साफ केल्यामुळे नाही. खालचं हाड आधीच झिजलेलं असतं, आणि पोकळ भिंतीला गिलाव्यानं धरून ठेवावं तसे ते दात कीटणानं एकमेकांना धरलेले असतात. फटी दिसतात त्याही तशाच, आधी तिथं दगड आणि सुजलेली हिरडी होती. मिश्री लावणाऱ्यांची आणि विडी ओढणाऱ्यांची गोष्ट आणखी वाईट. तंबाखूमुळे हिरडीतला रक्तपुरवठा आवळला जातो, रक्त फारसं येत नाही, आणि रोग आत वाढत असताना माणूस आपली हिरडी पक्की आहे म्हणून निर्धास्त राहतो.

दर सहा महिन्यांनी साफ करून घ्यायची प्रथा मात्र सगळ्यांना सारखी लावावी इतकी पक्की नाही. कॉक्रेन या संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात १,७११ माणसांवरचे दोन अभ्यास होते. हिरडीचा मोठा रोग नसलेल्या, नेमानं दंतवैद्याकडे जाणाऱ्या प्रौढांना सहा किंवा बारा महिन्यांनी स्केलिंग केल्यानं दोन-तीन वर्षांत फारसा फरक पडलेला दिसला नाही. उलट स्वीडनमधल्या कार्लस्टाडला अ‍ॅक्सेलसन आणि लिंडे या दंतवैद्यांनी १९७०च्या दशकात माणसांना दर दोन-तीन महिन्यांनी बोलावलं, साफ केलं आणि घरी कसं साफ करायचं तेही शिकवलं. तीस वर्षांनंतरही त्यांचे फार थोडे दात पडले होते. दोन्ही निकाल खरे आहेत, फक्त तोंडं आणि शिकवणी वेगळी. आपलं तोंड कुठल्या जातीचं हे एका बोथट सळईवर कळतं. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात आणि ती दात व हिरडी यांच्यामध्ये हलकेच उतरवतात. तीनपर्यंत आकडा आला तर वर्षातून एकदा दाखवलं तरी बहुधा चालतं; चार, पाच, सहा आले तर हिरडी बधिर करून मुळापर्यंत सफाई, आणि पुढे तीन-चार महिन्यांनी फेरी. भारतात १९४८च्या दंतवैद्यक कायद्यानं हायजिनिस्टची वेगळी नोंदवही घालून दिली होती, पण आपल्या गावच्या दवाखान्यात सळई आणि स्केलर दोन्ही बहुधा डॉक्टरांच्याच हातात असतात. ते मदतनिसाला आकडे सांगत असतील तेव्हा आपलं तोंड उघडंच असतं, बोलता येत नाही. चूळ भरून झाली की विचारून घ्यावेत.